कच्च्यातली बाई

नऊ पीएचडीवाल्यांनी सात वर्षं खपून बनवलेला डोळा सर्जेराव पेंटरनं ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात टाकला, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाला, "ह्यापेक्षा आंधळा बरा होतो."

डब्यात गेला तो चष्मा. खरा डोळा म्हणजे चिप. ती त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बसवलेली होती. हात पोचत नव्हता म्हणून वाचली, नाहीतर तीही डब्यात गेली असती.

"आबा, आज एकसष्टावा दिवस आहे," त्याची मुलगी नीलांबरी म्हणाली. "उरलेल्या तीस दिवसांत साठ तास भरले नाहीत तर पुण्याहून कायमचं बंद करतील. परत चालू होणार नाही."

"करू दे बंद. लाइटबिल वाचंल."

"लाइटबिल कुठलं आलंय त्याला?" शालन, त्याची बायको, लसूण सोलता सोलता म्हणाली. "पेंटर, पोरीशी सरळ बोला."

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली तरी शालन नवऱ्याला पेंटरच म्हणायची. लग्नाआधीपासून म्हणायची, मग बदलायचं राहून गेलं.

चष्म्याचा प्रकार असा होता. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. सर्जेरावाच्या पेशी पन्नाशीच्या आधीपासून कडेकडेनं मरत आल्या आणि अकरा वर्षांपूर्वी मधला उजेडही गेला. पण पडद्याकडून मेंदूकडे जाणारी शीर जिवंत होती. बल्ब उडालेला, वायर शाबूत. पुण्याच्या तेजोबिंदू कंपनीनं त्या पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. चिपवर नव्वद ओळी, दर ओळीत नव्वद ठिपके. चष्म्यातला कॅमेरा समोरचं सगळं टिपणार आणि चिप ते ठिपक्याठिपक्यानं शिरेला टोचणार.

गणित सोपं आहे. नव्वद गुणिले नव्वद, आठ हजार शंभर ठिपके. अख्खी खोली एवढ्या ठिपक्यांत कोंबली तर पाय पडून विसकटलेल्या रांगोळीसारखी दिसते. म्हणून कंपनीनं चित्राचा एक छोटा तुकडा घेऊन तो मोठा करून दाखवायचं ठरवलं. बुबुळ हललं की तुकडा सरकणार. तुकडा मात्र अगदी स्वच्छ. सुईचं नेढं दिसायचं. सुई कुठे आहे ते दिसत नव्हतं.

आणि शिरेला रोज खुराक लागतो. नाही मिळाला तर चिपभोवती निबर मांस चढतं, मग ती चालवणं धोक्याचं. म्हणून ती तासांची अट. अट बरोबर होती. पण त्या नऊ जणांतल्या एकानंही आपल्या आईचा चेहरा वीतभर नळीतून शोधून बघितला नव्हता. शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते, आणि ज्याला विचारायला हवं तो समोर पेशंट म्हणून बसलेला असतो.

नीलांबरी त्या नऊ जणांत नव्हती. तिच्याकडे पीएचडी सोडा, साधी पदवी नव्हती. मंगळवार पेठेतल्या ह्याच दोन खोल्यांत, मोबाइलवर बघून बघून ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. जमिनीच्या मोजणीचे मोठमोठे नकाशे बघायला तिनं 'न्याहाळ' नावाचं एक अ‍ॅप बनवलं होतं. कंपनीनं तेच उचलून चष्म्यात घातलं आणि जुन्या गाडीबरोबर ड्रायव्हर यावा तशी तिलाही घेतली. बापाचं नाव चाचणीत तिनंच घातलं होतं. त्यामुळं डब्याचं ते झाकण तिच्या छातीवरच दाबलं गेलं होतं.

"काय दिसतं ते तरी सांगा," ती म्हणाली.

"तुकडं दिसत्यात. परवा तुझी आई समोर बसलेली. मला दिसलं कायतरी तांबूस, गोल. म्हटलं चेहरा हाय. इचारलं, च्या घेतलास का?"

"कोपर होतं माझं," शालन म्हणाली. "कोपराला च्या इचारला ह्या माणसानं."

नीलांबरीला हसू आलं. सर्जेराव हसला नाही.

"नीले, पिच्चरचा चाळीस फुटाचा बोर्ड मी कसा रंगवत होतो? परांचीवर हुबं राह्यलं की नाकासमोर दोन हात रंग. नाकपुडी रंगवतोय का डोंगर, बापजन्मात कळायचं न्हाई. मग? परांचीला सुतळीनं कच्चा बांधलेला असायचा. पोस्टकार्डाएवढं चित्र, त्यावर चौकोन आखल्यालं. बोर्डावर तेवढंच चौकोन, पण मोठं. मी ह्या चौकोनात हाय, म्हंजे ही हनुवटी. रंगवायला भिंत, आन् कुठं हाय ते कळायला कच्चा. तुमच्या त्या चष्म्यात कच्चा कुठाय?"

"आन् कच्च्यानं भागत न्हाई तवा मी होते," शालन म्हणाली.

ही गोष्ट नीलांबरीनं शंभरदा ऐकली होती. राजश्री टॉकीजसमोर शालनच्या वडलांचं सोडावॉटरचं दुकान होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून शालन बोर्ड रंगवणाऱ्याकडे बघत बसली होती. शेवटी न राहवून रस्त्याच्या ह्या अंगानं ओरडली, "ओ पेंटर, बाईचा डोळा गालावर उतरलाय!" पेंटर परांचीवरनं उतरला, रस्ता ओलांडून दुकानात आला, तिथनं बोर्ड बघितला, लेमन सोडा प्याला आणि परत वर चढून डोळा पुसून वर घेतला. त्यानंतर प्रत्येक बोर्डाला त्याला तहान लागायची.

पण शंभर वेळा ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आज शिरलं. न्याहाळमध्ये कच्चा नव्हता. कधीच नव्हता. नकाशा बघणाऱ्या तलाठ्याला गाव पाठ असतं, म्हणून तिला कधी गरजच वाटली नव्हती.

आठ दिवस तिनं जेवणसुद्धा लॅपटॉपपुढं केलं. चिपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातले तीस बाय तीस ठिपके तिनं बाजूला काढले. नऊशे ठिपके, एकूणाचा नववा हिस्सा. ह्या छोट्या खिडकीत कॅमेऱ्यासमोरचं अख्खं चित्र लहान होऊन दिसणार, आणि त्यावर एक चौकट लुकलुकणार. चौकटीत जे आहे तेच बाकीच्या ठिपक्यांत मोठं होऊन दिसतंय. बुबुळ हललं की चौकट सरकणार.

एकच अडचण होती. नऊशे ठिपक्यांत माणूस म्हणजे पिठाचा गोळा. मग तिनं कंपनीच्या कपाटातलं एक तयार सामान वापरलं. यंत्र माणसाची चेहरेपट्टी ओळखायचं आणि खिडकीत त्या गोळ्याच्या जागी अल्बममधला नीटनेटका चेहरा चिकटवायचं. नीलांबरीनं अल्बम भरला. काकाचा फोटो, शेजारच्या मुल्लाभाभींचा, स्वतःचा. आईचा फोटो शोधायला तिला वेळ लागला, कारण कुणी मोबाइल काढला की शालन तोंडावर पदर घ्यायची. शेवटी नीलांबरीच्या बारशातला सापडला. केसांत अबोलीचा गजरा, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर बाळ, आणि कॅमेरावाल्याला काहीतरी टोमणा मारून झाल्यावरचं हसू. हाच, नीलांबरीनं ठरवलं. अजिबात विचार न करता ठरवलं.

एकोणसत्तराव्या दिवशी डब्याचं झाकण निघालं.

"आयला!" सर्जेराव म्हणाला. मान हलवून हलवून त्यानं खोली धुंडाळली. "ही खिडकी. हे कॅलेंडर. महिना चुकीचा हाय गं, फाड की मागचा! हा फॅन. फॅन कुणी पुसला न्हाई वर्सभर."

"दिसायला लागलं तर पहिलं काय, फॅन," शालन म्हणाली. पण तिचा आवाज ओला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. अकरा वर्षं ह्या माणसाला तिनं जिना, ताट, दाढी, पाऊसपाणी सगळं बोलून दाखवलं होतं. आता त्यानं तिला बघायचं होतं.

सर्जेराव थांबला. लॅपटॉपवर नीलांबरीला तो बघतोय तेच दिसत होतं. कोपऱ्यातल्या खिडकीत अबोलीवाली शालन, आणि चौकट तिच्या गालावर. मोठ्या चित्रात सुरकुतलेली, डागाळलेली कातडी. तो चौकट वर घेऊन गेला. खिडकीत काळेभोर केस, मोठ्या चित्रात पांढरे. तो खाली आला. परत वर गेला. चौकटीतनं बाहेर पडला, भिंत बघितली, दार बघितलं.

"चौकोन चुकतोय माझा," तो पुटपुटला. "शालन, कुठायस?"

"समोर बसलीया की."

"तू न्हवं. ही कच्च्यातली. अबोलीवाली." त्यानं हात पुढं केला, बोटं तिच्या गालाला लागली, तशी दचकून मागं घेतली. "मग ही म्हातारी कोण हाय?"

शालन उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि आत गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. रागानं आपटल्याचा नाही, हळूच ठेवल्याचा. तेच वाईट होतं.

त्या दिवसापासून शालनचं बोलणं बंद झालं. म्हणजे भांडणही नाही. ताट पुढं यायचं, पण 'भाजी उजवीकडं, चटणी तिखट हाय' हे नाही. सर्जेरावानं चौथ्या दिवशी विचारलं, "माझी टोपी कुठं टाकलीस?"

"कच्च्यातल्या बाईला इचारा," आतून आवाज आला.

संध्याकाळी नीलांबरी आईजवळ ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. "आई, आबांची चूक नाही. तो फोटो मी घातला. त्यांना खिडकीत वेगळी बाई दिसत होती."

शालननं पोळी तव्यावर टाकली. "आत्ताचा काढायचा सोडून तोच का घातलास?"

"चांगला होता म्हणून."

"व्हय. त्यात मी चांगली होते." तिनं पोळी उलटली. "तुलाबी तरणीच आई आवडली तर."

ते खरं होतं. फोटो निवडताना तिला बारशातली आई हवी होती. जिला अजून कुणाचा हात धरून जिना उतरवायचा नव्हता ती. आपल्याच सोयीसाठी तिनं आईच्या तोंडावर आईचाच मुखवटा चढवला होता, आणि वर त्याला उपकार म्हणत होती.

तिनं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. चाचणीच्या प्रमुख डॉ. इनामदार स्क्रीनवर आल्या.

"अल्बम बंद करतेय मी, मॅडम. सगळ्यांचाच. ज्याला हवाय त्यानं मागून घ्यावा, पण न विचारता चेहरा बदलायचा नाही."

"थांबा, थांबा. इतर बारा पेशंटना आम्ही मागच्या आठवड्यात तुमची खिडकी दिली. अल्बममुळे ते खूश आहेत. नाशिकच्या आजोबांना नातू दिसतो."

"नातू कॉलेजला जातो. आजोबांना तो चड्डीतला दिसतो."

"त्यांना आनंद होतो ना? मग बिघडलं कुठे?"

"नातवाला विचारलं का तुम्ही? समोर उभा राहून तो कुणाशी बोलतोय?" नीलांबरीचा आवाज चढला. "आंधळा होता तोवर माणूस निदान आवाज तरी खरा ऐकत होता. आपण त्याला डोळा दिला आणि खोटं बघायला लावलं. ह्याला डोळा म्हणत नाहीत, मॅडम. बाजारातला फोटो स्टुडिओ म्हणतात."

डॉ. इनामदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अल्बमशिवाय खिडकीत नुसते गोळे दिसतील. तुमचे वडील परत चष्मा डब्यात टाकतील. त्यांचे अजून पन्नास तास बाकी आहेत आणि दिवस सतरा. एक्क्याण्णवाव्या दिवशी मी नियम मोडणार नाही, नीलांबरी."

"मोडू नका," ती म्हणाली. आणि कॉल संपवून तिनं अल्बम बंद केला. बापाची नजर तिनं एका पिठाच्या गोळ्यावर पणाला लावली होती.

सकाळी तिनं सर्जेरावाला सगळं सांगितलं. फोटोचं, यंत्राचं, कॉलचं. तो दाढी खाजवत ऐकत राहिला.

"कच्चा खोटा असला की भिंत खोटी हुती," तो म्हणाला. "एकदा प्रोड्यूसरनं दुसऱ्याच बाईचा फोटो पाठवला. रंगवून झाल्यावर गाव हसलं. तुझं गोळं दाव बघू."

तिनं दाखवलं. खिडकीत धुरकट ठिपके. मधे एक उभट करडा गोळा, म्हणजे नीलांबरी. गोळ्यावर लुकलुकणारी चौकट.

चौकट गोळ्याच्या वरच्या टोकाला गेली, मग जराशी खाली आली. मोठ्या चित्रात तिची डावी भुवई.

"ही भुवई. मग हितं डोळा पायजे." चौकट सरकली. डोळा. "हितं नाक." नाक. "खुळे, ह्यात अडचण काय हाय? कच्च्यात नाक-डोळं नसत्यातच. कच्च्यात नुसती जागा असते. नाक-डोळं भिंतीवर काढायचं असत्यात." आणि चष्मा न काढता तो उठला, चौकट स्वैपाकघराच्या दारावर धरून चालत गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा दाराच्या चौकटीला हात न लावता आत गेला.

शालन मेथी निवडत होती.

"बाहेर चल. समोर बस."

"म्हातारी बसंल का तुमच्यासमोर?"

"म्हातारीच पायजे," सर्जेराव म्हणाला. "तरणीला मी बघितलंय. लई बघितलंय, सोडा पिऊन पिऊन पोट बिघडंपर्यंत. हिला एकदाबी बघितलं न्हाई."

शालननं मेथीची जुडी खाली ठेवली. पुन्हा उचलली. "मेथी निवडत बसणार. नुसती बसणार न्हाई."

"निवड."

त्यानं माळ्यावरनं पुठ्ठा काढायला लावला. पोस्टकार्डाएवढा नव्हे, चांगला दोन फुटी. दोऱ्याला नीळ चोळून तो पुठ्ठ्यावर ताणला आणि टिचकी मारली. सरळ निळी रेघ उमटली. अशा आडव्या बारा, उभ्या बारा. रेघ ओढायला त्याला डोळा लागतच नव्हता, बोटं पुरेशी होती. मग कोळशाची कांडी घेतली.

एका वेळी एक चौकोन. खिडकीतल्या करड्या गोळ्यावर चौकट नेऊन धरायची, मोठ्या चित्रात जे दिसेल ते पुठ्ठ्यावरच्या त्याच चौकोनात काढायचं. पुठ्ठ्याकडे वळलं की शालन निसटायची. परत गोळा शोधायचा, परत चौकट बसवायची. पहिल्या दिवशी दोन चौकोन झाले. दोन्ही कपाळाचे.

"हनुवटी वर करू नगं!"

"मान दुखती माझी."

"हा डाग कसला गं कानाजवळ?"

"तुमच्या आंघोळीचं पाणी उडालेलं. आठ वर्सं झाली."

सर्जेरावाचा हात थांबला. "मला सांगितलं न्हाईस."

"सांगून काय बघणार होता?"

त्यानं डाग काढला. एका डागाला अर्धा तास लावला. दुसऱ्या दिवशी नाकाच्या कडेची खोल रेघ सापडली, तेव्हा म्हणाला, "ही हसायची हाय का चिडायची?" शालन म्हणाली, "तुमच्यासंगं राहून दोन्हीची एकच झाली." नीलांबरी शेजारच्या खोलीतून ऐकत असायची. तासांचा आकडा तिच्या स्क्रीनवर चढत होता, पण दहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आज आपण आकडा बघितलाच नाही. घरात परत बोलणं सुरू झालं होतं. भाजी कुठे आहे ते शालन पुन्हा सांगायला लागली होती, आणि सर्जेराव मुद्दाम विचारत होता.

नव्वदाव्या दिवशी दुपारी शेवटचा चौकोन संपला. चौसष्ट तास झाले होते. पुण्याहून डॉ. इनामदारांचा निरोप आला होता, चिप चालू राहील. त्याखाली आणखी एक ओळ होती. नाशिकच्या आजोबांनी मागून घेतलेला अल्बम त्यांच्या नातवानं स्वतः येऊन काढायला लावला. नीलांबरीनं तो निरोप दोनदा वाचला आणि मोबाइल खिशात टाकला. इथं बाहेर जास्त महत्त्वाचं चाललं होतं.

शालन पुठ्ठ्यासमोर उभी होती. मग मागे सरकत सरकत दारापर्यंत गेली. रस्त्यापलीकडे जायला जागा नव्हती, म्हणून दारापर्यंत. तिथून डोळे बारीक करून बघितलं.

"पेंटर."

"बोल."

"डोळा उतरलाय. डावा. गालावर आलाय."

"उतरलाय न्हवं," सर्जेराव म्हणाला. "हायच तसा. तीनदा जाऊन बघितला मी. तुझी पापणी लोंबायला लागलीया. पुसणार न्हाई."

"काय बी सांगताय!"

"आरशात बघ जा."

शालन तावातावानं भिंतीवरच्या आरशापुढं गेली. डावी भुवई बोटानं वर उचलली, सोडली. पुन्हा उचलली, सोडली. मग त्याच्याकडे वळली.

"हाय की," ती म्हणाली.

लॅपटॉपवर नीलांबरीला खिडकी दिसत होती. करडा गोळा दारापासून आरशाकडे गेला होता. लुकलुकणारी चौकट पुठ्ठ्यावर होती. ती उचलली गेली, भिंतीवरून, कॅलेंडरवरून सरकत आरशापाशी आली, आणि गोळ्यावर, डाव्या डोळ्याच्या जागेवर जाऊन थांबली. ठिपक्यांत पापणी दिसली, लोंबलेली, ओली.

"हलू नगं," सर्जेराव म्हणाला. "अजून बघतोय."